अडकित्त्यावरचे तीन वेढे

३ मार्च

बाब्या,

तुझा पत्ता ग्लायडिंग क्लबच्या ऑफिसातून मिळाला. पंपदुरुस्तीच्या दुकानात लागला आहेस म्हणे. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. ते तरी पोस्टमन तुझ्या हातात देईल.

ठकीला जाऊन एकोणीस दिवस झाले. तिसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेलास. सख्खा मामा तिचा. त्याबद्दल आज भांडत नाही. काम आहे.

चौकशीचा कच्चा अहवाल काल आला. सात पानं. सहा पानं हवामान, विमानाचं वजन आणि मैदानाचा नकाशा यांत गेली आहेत. सातव्या पानावर एक वाक्य आहे: ‘वैमानिकाने केबल सोडण्याची मूठ वेळेत व पूर्ण ओढली नाही.’ वैमानिक म्हणजे माझी मुलगी. आक्षेप असल्यास तीस एप्रिलपूर्वी लेखी कळवायचा, नाहीतर हे वाक्य कायम. म्हणजे स्वतःच्या चुकीने मेली, असं तिच्या नावापुढे लिहिलेलं राहणार.

मी तीस वर्षं गणित शिकवलं. नुसत्या उत्तराला मी कधी गुण दिले नाहीत.

तू विंचवर होतास. इंजिन नसलेलं विमान जमिनीवरून वर कसं जातं, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिही. मी त्या मैदानावर कधी आले नाही. ठकी दहा वेळा ‘चल’ म्हणाली. मी दर वेळी काहीतरी काढलं. तेव्हा मला काहीच माहीत नाही असं धरून लिही. पण सोपं करून लिहू नकोस.

ताई

११ मार्च

ताई,

पेन पान्यासारखं धरून लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

मैदानाच्या एका टोकाला विंच, दुसऱ्या टोकाला ग्लायडर. मध्ये किलोमीटरभर केबल. विंच म्हणजे काय, तर जुन्या ट्रकचं इंजिन आणि त्याला जोडलेला मोठा ड्रम. विहिरीवरचा रहाटच म्हण, फक्त आडवा आणि फार जोराचा. मी जाळीच्या पिंजऱ्यात बसतो, कारण केबल तुटली तर चाबकासारखी अंगावर येते.

जीप केबलचं टोक ओढत ग्लायडरपर्यंत नेते. त्या टोकाला एक छोटी छत्री असते. तिच्यापुढे एक कडी, मुद्दाम कच्ची केलेली. जोर जास्त झाला तर पंख मोडायच्या आधी ती तुटावी म्हणून. मग कडं. ते विमानाच्या पोटाखालच्या हुकात अडकवायचं. एक माणूस पंखाचं टोक धरून उभा राहतो. आभाळ मोकळं आहे असं बघून तो पंख सपाट करतो, की त्या टोकाला मला खूण करायचा दिवा लागतो. दिवा सावकाश लुकलुकला की मी केबलची ढील काढतो. भराभर लुकलुकला की पूर्ण जोर. नुसता जळत राहिला तर थांब.

मग तीन-चार सेकंदांत चाक जमीन सोडतं. सुरुवातीला नाक थोडंच वर ठेवायचं. घाई केली तर एक पंख पडतो आणि खेळ संपतो. ठकीने कधी घाई केली नाही. वेग आला की हळूहळू नाक वर, आणि मग विमान असं चढतं की आत बसणाऱ्याला समोर फक्त आभाळ दिसतं. पतंग घेऊन पळतो ना आपण, तसं. चाळीस सेकंदांत साडेतीनशे मीटर. विमान माझ्या डोक्यावर यायला लागलं की मी जोर काढतो, तिने नाक खाली घ्यायचं आणि डाव्या हाताने पिवळी मूठ ओढायची. दोनदा ओढायची, खात्रीसाठी. केबल सुटते, छत्री उघडते, मी केबल गुंडाळतो. आणि समजा कोणी ओढायला विसरलंच, तरी विमान पुढे गेलं की केबल मागे ताणली जाते आणि हूक आपोआप उघडतो.

पहिल्यांदा एकटी वर गेली तेव्हा उतरल्यावर किलोमीटरभर चालत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मामा, तू खेचलंस की पोट माझं जमिनीवरच राहतं.” मी म्हटलं, “जपून ठेवलंय, येताना घेऊन जा.”

त्या दिवशी केबल सुटली नाही. विमान डोक्यावरून पुढे गेलं. मी ड्रम मोकळा सोडला, पण तो इतका भरभर फिरला की केबलचा गुंता होऊन अडकला. केबल ताणली गेली, नाक खाली आलं. ऊन माझ्या डोळ्यांवर होतं. तिने मूठ ओढली की नाही ते मला खालून कसं दिसणार? एवढंच आहे गं. आता अहवालाच्या मागे लागू नकोस. भावजी गेले तेव्हाही तू कागदपत्रं काढून बसली होतीस.

बाब्या

१७ मार्च

बाब्या,

पत्र चांगलं लिहिलंस. शेवटच्या परिच्छेदापर्यंत.

मूठ ओढली की नाही ते तुला दिसलं नाही, ठीक. मला दिसलं आहे. हॉस्पिटलमध्ये ओळख पटवायला मलाच नेलं होतं. डॉक्टर म्हणाले चेहरा पाहू नका, हात पाहा. मी हात पाहिले. डावा तळहात अंगठ्याच्या बेचक्यापासून करंगळीपर्यंत काळानिळा, दोन ठिकाणी कातडी सोललेली. एकदा-दोनदा ओढून असं होत नाही. माझी मुलगी ती मूठ शेवटपर्यंत ओढत होती. हूक उघडला नाही. तो आता पत्र्याच्या गोळ्यात चेपला आहे, म्हणून सिद्ध काही होत नाही आणि दोष मेलेल्या माणसावर टाकायला सोपा जातो.

दुसरं. ठकीच्या खोलीतलं सामान माझ्याकडे आलं आहे. त्यात क्लबची नियमपुस्तिका सापडली. पान चौदा: ‘केबल न सुटल्यास विंचचालकाने ती तात्काळ कापावी.’ शेजारी पेन्सिलीने, ठकीच्या अक्षरात: ‘अडकित्ता! अर्धा सेकंद.’ खाली तिने चित्रही काढलं आहे. ड्रमच्या पुढे स्प्रिंगवर ताणलेलं पातं, तुझ्या उजव्या हाताशी दांडा. दांडा ओढला की पातं केबलवर पडतं. केबल कापली गेली असती, तर शेपटासारखा लोंबकळता तुकडा घेऊन ठकी उतरली असती. तेही पुस्तिकेत आहे.

तू कच्च्या कडीबद्दल लिहिलंस, छत्रीबद्दल लिहिलंस, पोटाचा विनोदसुद्धा लिहिलास. अडकित्त्याबद्दल एक शब्द नाही.

तो का चालला नाही?

ताई

२ एप्रिल

बाब्या,

सोळा दिवस झाले. तू लिहिणार नाहीस हे आठव्या दिवशी कळलं, म्हणून मी स्वतः मैदानावर जाऊन आले.

तुमचे इन्स्ट्रक्टर गेटवर आले. “बाई, कशाला त्रास करून घेता?” म्हणाले. मी म्हटलं, “मी घेतलेला नाही, मला दिला गेलाय. विंच दाखवा.” दाखवलं. पण पिंजऱ्याजवळ आल्यावर गृहस्थ माझ्याकडे न बघता गवताकडे बघून बोलायला लागले.

मी तुझ्या जागेवर बसले. दांडा हाताशीच आहे, डोळे मिटूनही सापडेल. तो लाल रंगवलेला आहे. मधोमध, खालच्या खांबाला टेकतो तिथे, रंग खरवडला जाऊन तीन बारीक चकचकीत रेघा पडल्या आहेत. खांबावरही तशाच तीन. तिथे तार बांधलेली होती. आता नाही.

मग रजिस्टर मागितलं. ‘केबल कापण्याचे पाते: रोज सकाळी पाडून पाहावे’ या रकान्यात अठरा जानेवारीपासून बारा फेब्रुवारीपर्यंत तुझ्या सहीच्या तेवीस खुणा आहेत. बारा तारखेच्या सकाळचीही आहे. तार बांधलेलं पातं तू रोज कसं पाडून पाहत होतास?

तीस एप्रिलला अठ्ठावीस दिवस आहेत.

ताई

८ एप्रिल

ताई,

तुझ्यापुढे शाळेतही माझं कधी टिकलं नाही.

तार मी बांधली. सहा जानेवारीला सकाळी. आदल्या दिवशी काय झालं, इन्स्ट्रक्टर एका शिकाऊला घेऊन वर जात होते. शंभर मीटरवर असतील. विंचला हिसका बसला आणि तो दांडा आपोआप पडला. चांगली नवी केबल खटकन कापली गेली. त्यांनी नाक खाली घेतलं आणि समोरच उतरले, कोणाला काही झालं नाही. पण नाक खाली घ्यायला उशीर झाला असता तर दोघं गेले असते. तो दांडा ढिला होता. खाच झिजली होती. ती नीट करायला पूर्ण विंच उघडावं लागतं, आठ-दहा दिवस उड्डाणं बंद. म्हणून बांधायच्या तारेचे तीन वेढे मारले आणि पक्कड शेजारी लटकवून ठेवली. लागलं तर क्षणात काढू, असं वाटलं.

क्षणात निघत नाही, ताई. केबलचा गुंता झाला तेव्हा मी दांड्याला हात घातला. पक्कड खाली पडली होती. हाताने पीळ सोडवायला गेलो. मी वर बघत होतो आणि बोटांनी सोडवत होतो. सोडवल्यावर पातं पडलं, केबल कापली गेली, तोपर्यंत ती जमिनीवर आली होती. उन्हाचं मी खोटं लिहिलं. सगळं दिसत होतं.

लोक तिच्याकडे धावले. मी तार खिशात घातली.

हे सगळं लिहून दे. खाली माझी सही घे. तुरुंगात टाकायचं तर टाकू दे. ठकीचं नाव स्वच्छ होईल, तुला तेच पाहिजे ना? मग झालं.

बाब्या

१४ एप्रिल

बाब्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या तीन वेळा तुझा इतका राग आला की तारखेकडे लक्ष गेलं नाही.

सहा जानेवारीला तुझा उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. बोटंसुद्धा वळत नव्हती. तीन जानेवारीपासून पंधरा दिवस तू माझ्या घरी होतास, डाव्या हाताने जेवत होतास आणि निम्मं टेबलावर सांडत होतास. तू तिथे नव्हतास आणि असतास तरी त्या हाताने तारेला पीळ देऊ शकला नसतास.

म्हणजे तू कोणाला तरी वाचवतो आहेस. इन्स्ट्रक्टरला, असं मला वाटतं. तुमची पंधरा वर्षांची दोस्ती, तोच त्या दिवशी वर होता, तोच घाबरला असणार आणि माझ्याशी बोलताना त्याचीच नजर गवतात होती. तुझी ही दिलदारी माझ्या मुलीच्या जिवावर चालली आहे. मला ती नको. मी त्याचं नाव लिहून निवेदन तयार केलं आहे. पंचवीस तारखेला देणार.

खोटं असेल तर तसं लिही.

ताई

२० एप्रिल

ताई,

थांब. त्याचं नाव देऊ नकोस. त्याने बांधली नाही.

माझा हात मोडल्यावर विंचवर कोण बसणार, असा प्रश्न आला. ठकी म्हणाली, मी बसते. तिला येत होतं, मीच शिकवलं होतं. पाच तारखेला दांडा पडला तेव्हा पिंजऱ्यात ती होती. इन्स्ट्रक्टर उतरून तिच्यावर ओरडले आणि मग सगळे हसले. “कात्री आली, केबल लपवा,” असं चिडवायला लागले. तिची काहीच चूक नव्हती, खाच झिजलेली होती. पण तुझी मुलगी ती, तिला हसण्यावारी नेता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिनेच तार बांधली. नीट, घट्ट, टोकं आत वळवून, कोणाच्या हाताला लागू नयेत म्हणून. मी परत आल्यावर मला दाखवली. “बघ मामा, आता काय बिशाद आहे पडायची.” मी म्हटलं, “झकास.” इन्स्ट्रक्टर म्हणाले, “आता कसं शांत वाटतं.” क्लबातल्या प्रत्येकाने ती तार पाहिली. कोणालाही काही वाटलं नाही. पातं पाडून बघायचं तर रोज तार सोडा, रोज बांधा. मी नुसती खूण करत गेलो.

ती वरून मूठ ओढत होती आणि मी खाली तिनेच दिलेले पीळ सोडवत होतो. टोकं आत वळवलेली होती म्हणून नखात येत नव्हती. हे तुला सांगायचं नव्हतं.

ताई, तुझ्या पाया पडतो. तार मी बांधली असंच लिही. सहा तारीख काढून अठरा लिही, प्लॅस्टर निघालं होतं. कोण तपासणार आहे? मी जिवंत आहे, मला सोसेल. ती उत्तर द्यायला नाही. तिने का बांधली, कोणाच्या सांगण्यावरून, यात आता शिरू नकोस. माझं एवढं एक ऐक.

बाब्या

२६ एप्रिल

बाब्या,

तुझं पत्र बावीसला मिळालं. त्या दिवशी मी काही केलं नाही. तेवीसला बसने दुसऱ्या क्लबच्या मैदानावर गेले. तुमच्यासारखंच विंच तिथेही आहे, एकाच कारखान्याचं. म्हातारा चालक आहे. मी शाळेतली बाई आहे, विंच बघायचंय, असं सांगितलं. त्याने हौसेने दाखवलं. दांड्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं होतं, चार पदरी.

“हे कशाला?” मी विचारलं.

“अहो बाई, नाहीतर पडतो की तो! केबल जोडत बसायचं का दिवसभर?”

“मग वेळेला कापणार कशी?”

“वीस वर्षांत वेळ आली नाही.”

“आमच्याकडे आली,” मी म्हटलं. “माझी मुलगी होती ती.”

तो उद्या सोडतो म्हणाला. मी त्याच्या पिंजऱ्यात बसून राहिले. तासाभराने त्याने चाकू आणला.

येताना बसमध्ये ठरवलं. तार तू बांधलीस असं मी लिहिलं, तर लोक म्हणतील एक आळशी माणूस होता, त्याला काढला, प्रश्न मिटला. प्रत्येक मैदानावरचा माणूस मनाशी म्हणेल, मी काही तसा नाही. ठकीने बांधली असं लिहिलं तर त्यांना तसं म्हणता येणार नाही. ती आळशी नव्हती. दुसऱ्याचा जीव जाऊ नये म्हणून तिने ते काळजीने केलं आणि सगळ्यांनी शाबासकी दिली. हे वाचून कोणी उठून आपल्या दांड्याकडे बघायला जाईल.

तेव्हा मी खरं लिहिलं आहे. इन्स्ट्रक्टरचं आधीचं निवेदन फाडलं. रजिस्टर पुन्हा मागवून मागचं पान पाहिलं. सहा जानेवारीपासून पुढे ठकीच्या सहीच्या बारा खुणा आहेत. त्याही खोट्या. त्याही लिहिल्या. तुझ्या तेवीस लिहिल्या. तार खिशात घातलीस, तेही लिहिलं. तिने मूठ शेवटपर्यंत ओढली हे पहिल्या ओळीत आहे आणि डॉक्टरांचा तळहाताबद्दलचा दाखला जोडला आहे. अहवालातलं ते वाक्य जाईल. त्याच्या जागी जे येईल ते काही फार बरं नाही.

आता तू जे लिहिलं नाहीस ते.

पाच जानेवारीला संध्याकाळी ठकीचा मला फोन आला होता. “आई, विंचवर माझ्या हातून चूक झाली, सगळे हसले,” एवढंच म्हणाली. आवाज रडवेला होता. मी म्हटलं, “रडून काय होणार? पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था कर आणि मग मला फोन कर.” दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “आई, व्यवस्था केली.” मी म्हटलं, “छान.” कसली व्यवस्था, ते विचारलं नाही. चुलीवर दूध होतं की पेपर तपासत होते, आठवत नाही. काहीतरी होतं.

तू शेजारच्या खुर्चीवर प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन बसला होतास. दोन्ही फोन तू ऐकलेस. परत गेल्यावर तार पाहिलीस आणि ती कोणाच्या शब्दावरून बांधली गेली हे तुला तेव्हाच कळलं. तरी एकाही पत्रात तू ते लिहिलं नाहीस. पळून गेलास तोही म्हणूनच, माझ्यासमोर उभं राहून गप्प बसणं तुला जमलं नसतं. अडकित्त्याचं लपवलंस त्याचा राग अजून आहे आणि तो राहील. हे लपवलंस त्याचं काय करायचं, मला समजत नाही.

निवेदनाच्या शेवटी मी तो फोन घातला आहे. माझं वाक्य जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत. खाली सही केली. काल देऊन आले. कारकुनाने वाचलं आणि म्हणाला, “बाई, हे शेवटचं गरजेचं नाही, खोडलं तरी चालेल.” मी म्हटलं, “पोच द्या.”

सुनावणी तीस तारखेला अकराला आहे. तुला बोलावणं येईल, त्याआधी हे पत्र पोचेल. धुतलेला शर्ट घालून ये. ती तार अजून तुझ्याकडे असेल तर घेऊन ये. ती टेबलावर ठेवावी लागेल.

ताई